आठ गाणी आणि एक आग

18 जून 1967. कॅलिफोर्नियातल्या माँटरे गावच्या जत्रेच्या मैदानावर तीन दिवसांच्या पॉप महोत्सवाची शेवटची रात्र. रंगमंचामागे दोन गिटारवादकांचं वाजलं होतं, आणि भांडणाचं कारण होतं आधी कोणी वाजवायचं. ‘द हू’ या इंग्लिश रॉक बँडचा पीट टाउनशेंड आणि जिमी हेंड्रिक्स या दोघांनाही दुसऱ्याच्या मागून मंचावर जायचं नव्हतं. कारण दोघांच्या कार्यक्रमाचा शेवट एकच ठरलेला होता: गिटारची वाट लावायची. जो आधी जाईल तो फोडून मोकळा होणार आणि मागून येणाऱ्याच्या वाट्याला शिळं नाटक येणार. शेवटी आयोजकांपैकी जॉन फिलिप्स यांनी नाणं उडवलं. कौल द हूच्या बाजूने पडला, ते आधी गेले. मागून जावं लागणार हे कळल्यावर हेंड्रिक्सनेही बजावलं की मग मी हातचं काही राखणार नाही.

हे प्रकरण उकरून काढायला कारण आहे. आपल्याकडच्या गिगमध्ये, म्हणजे बारमधल्या छोट्या कार्यक्रमांत, अलीकडे एक दृश्य हमखास दिसतं. गायिका माइकपाशी ताटकळत उभी आहे, बेस आणि ड्रम्स तीच चार मात्रांची चाल फिरवत बसलेत, आणि गिटारवाला मॉनिटरवर (मंचावरच्या छोट्या स्पीकरवर) पाय ठेवून, गिटारची मान आभाळाकडे करून, एकच स्वर ओढत तोंड वेडंवाकडं करतोय. मग वायरलेस लावून टेबलांमधून फेरी. कुणीतरी मोबाइल वर धरलेला दिसला की तिथे मुक्काम. मग गिटार डोक्यामागे. गाणं कुठल्या कडव्यावर थांबलं होतं हे एव्हाना सगळे विसरलेले असतात. नंतर हटकलं तर उत्तर तयार असतं: हेंड्रिक्सही हेच करायचा. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण यातली बरीच पोरं एरवी फार चांगली वाजवतात. म्हणून त्या उत्तरातला हेंड्रिक्स एकदा नीट तपासून बघायला हवा. त्याने नेमकं काय केलं, कुठल्या परिस्थितीत केलं आणि पुढे त्याचं काय झालं.

माँटरेच्या आधी

गिटारच्या करामती हेंड्रिक्सने शोधल्या नाहीत, त्या त्याला वारशात मिळाल्या. मिसिसिपीचा चार्ली पॅटन 1920-30 च्या दशकांत गिटार पाठीमागे आणि गुडघ्यांत धरून वाजवायचा. टी-बोन वॉकर डोक्यामागे गिटार नेऊन पाय फाकवत जमिनीवर बसायचा. गिटार स्लिम लांबलचक वायर लावून थेट प्रेक्षकांत, कधी दाराबाहेर रस्त्यावर जायचा. आजच्या वायरलेस फेरीचा तो खापरपणजोबा. काळ्या कलाकारांसाठी असलेल्या दक्षिण अमेरिकी राज्यांतल्या नाचघरांत आणि दारूच्या अड्ड्यांवर लोक दिवसभर राबून आलेले असत आणि त्यांना पैसे वसूल व्हायला हवे असत. हेंड्रिक्स तिथे साथीदार म्हणून घडला, आयस्ली ब्रदर्सपाशी, मग लिटल रिचर्डपाशी. दातांनी वाजवण्याची कल्पना टेनेसीत सुचली, तिथे तसं वाजवलं नाही तर लोक गोळीच घालतील अशी परिस्थिती होती, असं तो सांगायचा.

या वारशाबद्दल मला आदर आहे. पोटासाठी, बिथरलेल्या गर्दीसमोर टिकून राहण्यासाठी तयार झालेली ती कला होती. ते वादक आधी तास-दोन तास लोकांना नाचवत आणि मग गिटार पाठीमागे नेत. नाचणाऱ्यांचा ठेका तोपर्यंत पक्का बसलेला असे.

आगीची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती या परंपरेतून आली नाही. 31 मार्च 1967 ला लंडनच्या फिन्सबरी पार्कमधल्या ॲस्टोरिया थिएटरात हेंड्रिक्सने पहिल्यांदा गिटार पेटवली. त्या दौऱ्यात मुख्य नाव वॉकर ब्रदर्सचं होतं, हेंड्रिक्सचं नाव जाहिरातीत बरंच खाली. वर्तमानपत्रांनी दखल घ्यावी असं काय करता येईल यावर मेकअपच्या खोलीत खल चालला होता. गिटार फोडणं टाउनशेंडचं आधीच वापरून झालं होतं. कीथ ऑल्थम या पत्रकाराने सुचवलं की पेटवून बघ. माणूस पाठवून लायटरमधलं इंधन आणवलं गेलं. गिटार पेटली, हेंड्रिक्सचे हात भाजले, बातमी झाली. म्हणजे आगीचा जन्म प्रसिद्धीच्या गरजेतून झाला आणि कल्पना मुळात एका बातमीदाराची होती. हेंड्रिक्सचा दाखला देणाऱ्यांनी हा तपशील लक्षात ठेवावा.

टाउनशेंडचं फोडणं तर अपघातातून सुरू झालं. 1964 साली लंडनजवळच्या हॅरोमधल्या रेल्वे टॅव्हर्नमध्ये छत बुटकं होतं, गिटारची मान वर आदळून मोडली. समोरचे काहीजण हसले. रागाच्या भरात त्याने उरलेलीही आपटून फोडली, जणू ते मुद्दामच होतं. त्यानंतर लोक ते बघायलाच यायला लागले. पुढे त्याने याला कलामहाविद्यालयात ऐकलेल्या गुस्टाव मेट्झगर यांच्या स्वतःलाच नष्ट करणाऱ्या कलेच्या विचाराचा आधार दिला. तो आधार खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण पैशांची ओढाताण असताना तुकडे गोळा करून, चिकटवून तीच गिटार पुन्हा फोडायची वेळ त्याच्यावर यायची. एकदा टाळी मिळालेली करामत पुढच्या खेळाला सक्तीची होते, ती अशी.

त्या रात्री वाजलं काय

द हूने आपला शेवट ठरल्याप्रमाणे केला. धूर, फुटलेली गिटार, लाथाडलेले ड्रम्स, माइक वाचवायला धावणारे कामगार. मध्ये ग्रेटफुल डेड वाजवून गेले. मग रोलिंग स्टोन्सच्या ब्रायन जोन्सने ओळख करून दिली आणि हेंड्रिक्स आला. सोबत ड्रम्सवर मिच मिचेल, बेसवर नोएल रेडिंग. अमेरिकेत जन्मलेला हा माणूस इंग्लंडमध्ये नाव कमावून मायदेशी आला होता आणि अमेरिकेतल्या बहुतेकांनी त्याला पाहिलंही नव्हतं. महोत्सवात त्याला बोलवा अशी शिफारस पॉल मॅकार्टनीने केली होती. इतकं सगळं त्या एका खेळावर टांगलेलं होतं.

नऊ गाणी झाली. आगीचं गाणं नववं. आधीची आठ कोण ऐकतं? मी म्हणतो, प्रकरण त्या आठ गाण्यांत आहे.

पहिलंच गाणं हाउलिन वुल्फचा ब्लूज, पण इतक्या वेगात की उजव्या-डाव्या हातांत दोन वादक लपलेत असं वाटावं. तालाची आणि मधल्या जागा भरण्याची दोन्ही कामं एकटी गिटार करतेय. तिसरं बॉब डिलनचं गाणं. तिथे तो वेग सोडून देतो, कॉर्ड सुट्या करून ओळींच्या मधल्या श्वासांत ठेवतो. सातवं गाणं इतकं हळुवार आहे की एवढ्या जोरकस कार्यक्रमात ते ठेवण्याचं धाडस बघून मला दरवेळी नवल वाटतं. तेही द हू फोडाफोड करून गेल्यावर, त्याच रात्री.

करामती यातही आहेत. ‘हे जो’च्या सोलोत गिटार तोंडाशी जाते. इथे थोडं जवळून बघूया. दातांनी वाजवताना प्रत्यक्षात काय घडतं? ॲम्पचा (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राचा) आवाज इतका चढवलेला असतो की मानेवर बोट जोरात आपटलं आणि झटक्याने सोडलं तरी स्वर उमटतो. म्हणजे खरं काम फ्रेटवरच्या, म्हणजे मानेवरच्या पट्ट्यांवरच्या, हाताचं असतं, दात फार तर अधूनमधून तार छेडतात. यामुळे स्वर जरा बोथट, एकमेकांना चिकटलेले येतात. ठोक्याची धार जाते. हेंड्रिक्सला हे माहीत होतं, म्हणून तो तिथे सलग ओघळणाऱ्या ओळी निवडायचा, ज्यांना ती चिकट घडण शोभते. आणि काही क्षणांत हात परत जागेवर. डोक्यामागे गिटार नेण्याचं तसंच. मान दिसत नाही, मनगट उलटं पडतं, त्यामुळे बोटांना पाठ असलेली पाच स्वरांची चौकटच तेवढी वाजवता येते. एखाद्या ओळीपुरतं ठीक. पण आपल्याकडे जेव्हा कुणी पाच-पाच मिनिटं डोक्यामागे गिटार धरून उभा राहतो, तेव्हा तो तीच चौकट घासत असतो. समोरच्याला ते कळत नसेल, पण शेजारच्या बेसवाल्याला नक्की कळतं.

आता याच्या उलट बाजू. ‘वाइल्ड थिंग’ या शेवटच्या, आगीच्या गाण्याच्या सुरुवातीला हेंड्रिक्स गिटार घेऊन वळतो, वाकतो, ॲम्पकडे तोंड करतो, व्हॅमी बार (तारा सैल-ताठ करणारी दांडी) दाबून तारा सैल सोडतो. हाही देखावाच, पण इथे शरीर वाद्याचा भाग झालंय. फीडबॅक म्हणजे स्पीकरमधून आलेला आवाज तारांना पुन्हा थरथरवतो आणि ती थरथर पुन्हा स्पीकरमधून येते. गिटार स्पीकरपासून किती दूर, कुठल्या कोनात, यावर कुठला उपस्वर उचलला जाईल ते ठरतं. अर्धं पाऊल मागे गेलं की किंकाळीचा हुंकार होतो. तिथे न हलता उभा राहिला असता तर तो आवाज निघालाच नसता. पुढे मध्येच तो एका हाताने ‘स्ट्रेंजर्स इन द नाइट’ची ओळ वाजवून टाकतो. हाताची करामत आहे आणि संगीतातली खोडीही आहे. जंगली गाण्याच्या पोटात त्या काळचं घरोघरी वाजणारं गुळगुळीत गाणं.

म्हणून हालचाल म्हटली की वाईट, असं मी मानत नाही. माझा प्रश्न एवढाच असतो, की या हालचालीमुळे आवाजात काही फरक पडला का? पडला असेल तर हवा तितका नाच. पडला नसेल, किंवा आवाज बिघडला असेल, तर गाण्याने त्याची किंमत का मोजायची?

मग आग. शेवटच्या गाण्यासाठी हेंड्रिक्सने गिटार बदलली होती. आधीची बहुतेक गाणी काळ्या स्ट्रॅटोकास्टरवर, शेवटचं त्याने स्वतः नक्षी रंगवलेल्या लाल-पांढऱ्या स्ट्रॅटोकास्टरवर. मला फार प्रिय असलेली गोष्ट आता अर्पण करतोय, अशा अर्थाचं तो माइकवर बोलला. गाणं संपताना गुडघ्यांवर बसला, गिटारचं चुंबन घेतलं, इंधन शिंपडलं, काडी लावली, बोटांनी ज्वाळांना वर बोलावलं. मग आपटून तुकडे केले आणि ते लोकांत भिरकावले. तेवढा वेळ गिटार ॲम्पला जोडलेली होती, त्यामुळे ती कण्हत राहिली. मिचेल आणि रेडिंग तिच्याखाली गोंगाट धरून होते. त्या कण्हण्यात काही क्षण खरे आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. पण आधीच्या आठ गाण्यांत जे वाजलं त्याच्या तुलनेत ही मिनिटं संगीत म्हणून सगळ्यात गरीब आहेत.

त्याच दिवशी दुपारी

आपल्या दृष्टीने या प्रकरणातला महत्त्वाचा साक्षीदार त्याच मैदानावर होता. त्याच रविवारी दुपारी त्याच मंचावर पंडित रविशंकर सुमारे तीन तास वाजवून गेले होते. तबल्यावर मुंबईकर उस्ताद अल्लारखाँ, तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. रविशंकर यांचं स्वतःचं किन्नर संगीत विद्यालयही 1962 साली मुंबईतच सुरू झालं होतं. बाकीचे बहुतेक कलाकार महोत्सवात विनामोबदला वाजवत होते, रविशंकर यांनी मात्र मानधन घेतलं आणि आपल्या आधी-मागे त्या दुपारी दुसरं कुणी नसावं हेही ठरवून घेतलं. मला हे फार योग्य वाटतं.

हेंड्रिक्सच्या हातावर ते खूश होते. पण त्याने गिटार पेटवली तेव्हा त्यांना धक्का बसला, वाईट वाटलं, आणि हे त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवलं. आपल्याकडे वाद्याला देव मानतात, हे त्यांचं म्हणणं. दसऱ्याला ज्याच्या घरी पेटीला आणि तबल्याला फूल वाहिलं जातं, त्याला ते वेगळं समजावून सांगायला नको.

पण इथेच थांबून “ते थिल्लर, आपण सोवळे” असा निवाडा देणं मला पटत नाही. रविशंकर यांचं बालपण-तरुणपण उदयशंकरांच्या नृत्यपथकात, युरोप-अमेरिकेच्या मंचांवर गेलं होतं. प्रकाश, बैठक, वेळ, प्रेक्षकाची नाडी, सगळं त्यांना अवगत होतं. मग ते सोडून मैहरला अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या पायाशी बसायला गेले. माँटरेच्या चित्रफितीत शेवटी सतार-तबल्याची सवाल-जवाबाची झटापट आहे, दोघं एकमेकांकडे बघून हसतायत, वेग चढतोय, लोक उठून उभे राहतायत. ती टाळी मागून घेतलेली आहे, यात शंका नाही. आपल्या मैफलींतही झाल्याच्या, म्हणजे वादनातल्या अखेरच्या जलद भागाच्या, शेवटी टाळीसाठी मारलेल्या तिहाया (तीनदा वाजवलेले लयीचे तुकडे) आणि गवयांचे मुद्रादोष काय कमी असतात? फरक मला एवढाच दिसतो, की त्या दुपारी जी झटापट झाली ती तबला आणि सतार यांच्यात, स्वरात आणि लयीत झाली. डोळ्यांना जे दिसलं ते कानाला ऐकू येणाऱ्या गोष्टीचं बाहेर आलेलं रूप होतं.

कॅमेऱ्याने काय निवडलं

महोत्सवाचं चित्रीकरण डी. ए. पेनेबेकर यांनी केलं. 1968 मध्ये आलेल्या त्यांच्या माहितीपटात हेंड्रिक्सचं एकच गाणं आहे, आणि ते अर्थातच आगीचं. द हूचंही एकच, फोडाफोडीचं. दिग्दर्शक म्हणून मी त्यांना दोष देणार नाही. त्यांना तीन दिवस दीड तासाच्या आत बसवायचे होते. माहितीपटाचा शेवटचा मोठा भाग त्यांनी रविशंकर यांना दिला, हेही मोठंच. पण परिणाम असा झाला की हेंड्रिक्सचा त्या रात्रीचा कार्यक्रम पडद्यावर सलग बघायला जगाला 1986 साल उजाडावं लागलं. तोवर लोकांनी फक्त आग पाहिली. त्यात मंचाच्या कडेला खुर्चीवर उभं राहून 17 वर्षांच्या एड कॅरेफने टिपलेलं ज्वाळांचं छायाचित्र रॉकच्या इतिहासातलं सगळ्यात ओळखीचं छायाचित्र झालं. छायाचित्राला आवाज नसतो. त्यात सातवं गाणं येऊ शकत नाही.

भल्याभल्यांचीही फसगत झाली. रॉबर्ट क्रिस्टगाउ यांच्यासारख्या तिखट समीक्षकाने ‘एस्क्वायर’मध्ये लिहिताना हेंड्रिक्सला गोऱ्यांपुढे सोंग वठवणाऱ्याच्या पंक्तीत बसवलं. शब्द अपमानास्पद होते आणि माझ्या मते अन्यायाचेही. पण ज्याने इतक्या मोठ्याने चमत्कार मांडले, त्याचं संगीत चमत्कारांखाली गाडलं गेलं याची जबाबदारी थोडी त्याच्यावरही येते.

पुढची दोन वर्षं हेंड्रिक्स ही उधारी फेडत होता. महिनाभरात त्याला मंकीज या पॉप बँडच्या दौऱ्यात पाठवलं, समोर त्यांच्या नावाने ओरडणाऱ्या शाळकरी मुली. थोड्याच खेळांनंतर त्याने तो दौरा सोडला. आग त्याने आयुष्यात मोजक्याच वेळा लावली, तरी लोक ती बघायच्या आशेने यायचे. दात, पाठ, गुडघे, सगळं मागितलं जायचं. नाही केलं तर आज रंगला नाही म्हणायचे. 1969 च्या अखेरीला तो मुलाखतीत स्पष्ट बोलला की मला आता विदूषक व्हायचं नाही.

फिलमोर ईस्ट

या प्रकरणाचा निकाल माझ्या लेखी न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट थिएटरात लागला. 31 डिसेंबर 1969 आणि 1 जानेवारी 1970, रोज दोन खेळ. नवा संच: बेसवर सैन्यातला जुना मित्र बिली कॉक्स, ड्रम्सवर बडी माइल्स. थिएटरचे चालक बिल ग्रॅहम यांनी पुढे सांगितलेली हकिगत अशी. एका खेळात हेंड्रिक्सने सगळ्या करामती केल्या, लोक वेडे झाले. उतरल्यावर त्याने ग्रॅहमना विचारलं, कसं झालं? ग्रॅहमनी सगळ्यांना बाहेर घालवलं आणि तोंडावर सांगितलं: जे तू झोपेतही करू शकतोस ते सगळं केलंस, फक्त वाजवायचं विसरलास. हेंड्रिक्स चिडला. पण पुढच्या खेळाला तो जवळजवळ न हलता उभा राहिला आणि वाजवलं. ग्रॅहमच्या मते त्यांनी ऐकलेलं ते सर्वोत्तम वादन होतं.

ग्रॅहम यांच्याबद्दल मला विशेष वाटतं ते यासाठी, की त्यांचा गल्ला भरला होता. लोक खूश होते. गप्प बसले असते तरी त्यांचं काही बिघडलं नसतं. गिगच्या धंद्यात गिटारवाल्याला हे सांगणारा माणूस सहसा नसतो. बारमालकाला रिकाम्या खुर्च्यांची धास्ती, बँडमधल्यांना मैत्रीची, आणि मोबाइलवरच्या वीस सेकंदांच्या चित्रफितीत डोक्यामागची गिटारच छान दिसते.

त्या खेळांतलं ‘मशीन गन’ ध्वनिमुद्रित झालंय, बारा मिनिटांहून मोठं. त्याची धूसर, काळी-पांढरी चित्रफीतही आहे. आपल्या गिटारवाल्यांनी माँटरेच्या जोडीला ही बघावी, असं मी भेटेल त्याला सांगतो. चार मिनिटांच्या आसपास सोलो सुरू होतो आणि त्याचा पहिला स्वर तो धरून ठेवतो. ओढलेला, ॲम्पने जिवंत ठेवलेला, हळूहळू रंग बदलणारा एक स्वर. आपल्या गिगमध्ये मॉनिटरवर पाय ठेवून ओढतात तसाच एकच स्वर. पण इथे तो संपेपर्यंत श्वास सोडवत नाही, कारण त्याच्याआधी चार मिनिटं गाण्याने त्या स्वराची गरज तयार केलेली आहे. आणि हेंड्रिक्स काय करतोय? उभा आहे. फ्रेटवरची बोटं आणि व्हॅमी बारवरचा हात, एवढंच हलतंय.

ग्रॅहम यांच्या हकिगतीला शेपूट आहे, ते बहुतेकजण सांगताना गाळतात. मन लावून वाजवून झाल्यावर हेंड्रिक्स त्यांच्याकडे आला, विचारलं, आता ठीक? ते हो म्हणाले. तसा तो परत मंचावर गेला आणि शेवटच्या जादा गाण्यात त्याने सगळ्या करामती पुन्हा करून दाखवल्या. ग्रॅहमना त्या आवडल्या नसतील, पण मला त्या जादा गाण्याबद्दल काहीच म्हणायचं नाही. अख्खा खेळ वाजवून झाल्यावर त्याने तेवढी मजा घ्यावी. शिवाय त्या गाण्यात माइकपाशी ताटकळत उभं राहिलेलं कुणी नव्हतं.